फुटबॉलपटूंच्या पगाराला छत घातले, जोते कोण घालणार?

फुटबॉलच्या पगाराचा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. कारण सरळ आहे. व्यावसायिक फुटबॉल हा आता एक धंदा आहे. त्यात मालक आहेत, भांडवल आहे, नोकरवर्ग आहे, करारनामे आहेत आणि बुडालेली येणीही आहेत. शिवाय परभणी, जिंतूर, पाथरी, सेलू या आपल्या भागातील मुले रोज संध्याकाळी चेंडू घेऊन मैदानावर जातात. त्यातला एखादा तयारीचा मुलगा पुण्या-मुंबईच्या निवड चाचणीची स्वप्ने पाहतो. त्याचे वडील आमच्या दुकानी कापड घ्यायला येतात आणि यात पोराचे पोट भरेल का, असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या पानावर मिळत नाही. ते हिशेबाच्या वहीत शोधावे लागते.

आधी वाद काय आहे ते पाहू. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, २०१४ साली सुरू झाली. २०१५ च्या लिलावात मुंबई सिटीने सुनील छेत्री याला १ कोटी २० लाख रुपयांना घेतले, तर पुण्याच्या संघाने युजीनसन लिंगडोह याला १ कोटी ५ लाखांना. पुढे भाव चढत गेले आणि मालकांना धाक वाटू लागला. मग २०१८-१९ च्या हंगामापासून एका क्लबाने सर्व खेळाडूंच्या पगारावर मिळून किती खर्च करावा याची मर्यादा ठरवण्यात आली. ती सुमारे साडेसतरा कोटी रुपये होती. याला पगाराचे छत म्हणू. दुसरा नियम खेळाडूंच्या यादीचा. यादीत परदेशी किती आणि मैदानावर एका वेळी किती, हे ठरलेले असते. सुरुवातीला अकरांपैकी सहा परदेशी उतरवता येत असत. २०१७ मध्ये ते पाच झाले आणि २०२१-२२ पासून चार. म्हणजे मैदानावर किमान सात भारतीय असलेच पाहिजेत.

मालक म्हणतात की छत नसेल तर आम्ही एकमेकांवर बोली चढवून सगळेच बुडू. खेळाडू म्हणतात की आमचे खेळायचे वय दहा-बारा वर्षांचे, त्यातही तुम्ही आमच्या कमाईला कुलूप लावता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु माझ्या मते हा वाद चुकीच्या टोकाला धरून चालला आहे.

छताचा धंद्यातील अनुभव आपल्यालाही आहे. फार वर्षांपूर्वी आमच्या कापड बाजारात काही दुकानदारांनी आपसात ठरवले होते की एकमेकांचा सेल्समन फोडायचा नाही आणि ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त पगार कोणी द्यायचा नाही. दोन सिझन ते चालले. मग जो माणूस गिऱ्हाईक हातचे जाऊ देत नव्हता, त्याला कोणी ईदला जादा कपडे देऊ लागला, कोणी घरभाडे भरू लागला, कोणी मुलाची फी. वहीत पगार तोच राहिला. ज्याच्यात असे खास काही नव्हते, त्या साध्या नोकराचा पगार मात्र खरोखर गोठला. आणि सर्वांत हुशार होता तो नांदेडला जाऊन स्वतःचे दुकान टाकून बसला.

इंग्लंडमध्ये हेच साठ वर्षे घडले. त्याची सुरुवात तर आपल्याच धंद्यातून झाली, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. लँकशायर हा सूत गिरण्यांचा मुलूख. तिथल्या प्रेस्टन गावी विल्यम सुडेल नावाचा गृहस्थ कापड गिरणीचा व्यवस्थापक होता आणि प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबाचा सर्वेसर्वाही. त्या काळी खेळाडूला पैसे देणे नियमाविरुद्ध होते. १८८४ साली लंडनच्या एका संघाने तक्रार केली, तेव्हा सुडेलने पैसे देत असल्याचे उघड कबूल केले. संघ स्पर्धेबाहेर गेला, परंतु वाद इतका पेटला की पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, पगारी खेळाला मान्यता द्यावी लागली. १८८८ साली जगातील पहिली फुटबॉल लीग सुरू झाली. तिच्या बारा क्लबांपैकी सहा लँकशायरचे होते. पहिल्याच हंगामात प्रेस्टनने एकही सामना न हरता लीग जिंकली आणि कपही जिंकला. हा पैसा कुठून येत होता ते नंतर कळले. १८९५ साली गिरणीच्या पैशांची अफरातफर केल्याबद्दल सुडेलला तीन वर्षांची कैद झाली. एका धंद्याच्या गल्ल्यातून दुसऱ्या धंद्याचे पगार काढले की शेवट काय होतो, हे कापडवाल्यांना समजावून सांगायला नको.

त्यानंतर मालकांनी छत आणले. १९०१ साली खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड असा नियम झाला. आकडा हळूहळू वाढला, पण १९६१ सालीही तो वीस पौंडांवरच होता. त्यावेळी मैदाने भरत होती, तिकिटांचा पैसा येत होता आणि वरची रक्कम कुठे जाते हे कोणी विचारायचे नाही असा प्रकार होता. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची नोटीस दिली आणि जानेवारी १९६१ मध्ये मर्यादा उठली. इंग्लंडचा कप्तान जॉनी हेन्स याला त्याच्या क्लबाने आठवड्याला शंभर पौंड दिले. वीस पौंडांचा माणूस एका दिवसात शंभराचा झाला. म्हणजे मधले ऐंशी पौंड इतकी वर्षे कोणाच्या तरी खिशात जातच होते.

आता आपल्याकडे येऊ. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या काळातील हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात असे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनीच १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारताला सुवर्णपदके मिळवून दिली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला तोही त्यांच्याच हाताखाली. त्या संघातील खेळाडूंना आजच्यासारखे पैसे नव्हते. पोलिसाचा पगार तेवढा होता. पण तो महिन्याच्या महिन्याला होता, पाय मोडला तरी होता आणि खेळ संपल्यावर पेन्शनही होती. मुंबईत हीच पद्धत मोठ्या कंपन्यांनी चालवली. मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, ओएनजीसी यांचे संघ होते. आपल्या कापड गिरण्या फुटबॉल खेळवीत असत, हे नव्या पिढीला सांगितले तर खरे वाटत नाही.

नोकरीच्या या चौकटीबाहेर पडून केवळ खेळावर जगणारे थोडे होते. हैदराबादचे मोहम्मद हबीब हे त्यातले मोठे नाव. नोकरीच्या मागे न लागता ते कलकत्त्याच्या क्लबांत खेळत राहिले आणि म्हणूनच त्यांना देशाचा पहिला खरा व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणतात. १९७७ साली पेले यांच्या कॉसमॉस संघाविरुद्ध मोहन बागानकडून त्यांनी गोल केला होता. १५ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. हबीबसाहेबांसारखी हिंमत आणि पाय प्रत्येकाकडे नसतात. बाकीच्यांना नोकरीचाच आधार होता.

जुन्या व्यवस्थेत पगार थोडा होता, पण खाली जोते पक्के होते. नव्या व्यवस्थेने पगार कितीतरी पट वाढवला, त्यावर छतही घातले, आणि जोते घालायचेच विसरली. २०१३ साली एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघ परवान्याच्या अटी पूर्ण करीत नाहीत म्हणून आय-लीगमधून वगळण्यात आले. क्लब हा स्वतंत्र धंदा असला पाहिजे, असा आग्रह होता. ठीक आहे. परंतु स्वतंत्र धंदा म्हटला की तो बंदही पडू शकतो, याची तजवीज कोणी केली नाही.

महाराष्ट्राचाच हिशेब पाहा. महिंद्र युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता संघ २०१० मध्ये बंद झाला. अशोक पिरामल समूहाचा, म्हणजे मोरारजी टेक्स्टाइल्सवाल्यांचा, पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळून त्याच वर्षी गेला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये गेले. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. आणि डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई सिटीतून इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचा मालक असलेला सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. त्याने २०१९ साली ६५ टक्के हिस्सा घेतला होता आणि त्याच्या काळात संघ दोनदा आयएसएल चषक जिंकला होता. यातले कोणी नालायक होते असे मी म्हणत नाही. धंदा परवडला नाही, त्यांनी दुकान बंद केले. तो मालकाचा हक्कच आहे. पण दुकान बंद होते तेव्हा मालकाची इतर दुकाने चालू असतात. खेळाडूचे हे एकच दुकान असते.

एफसी पुणे सिटीच्या जागी हैदराबाद एफसी आला. जुन्या नावाला साजेसा खेळ करीत २०२१-२२ ला तो विजेता ठरला. त्यावेळी पगाराचे छत होतेच. तरीही दोनच वर्षांत पगार थकले, फिफाने नवे खेळाडू नोंदवायला बंदी घातली, एकामागून एक खेळाडू सोडून गेले आणि २०२३-२४ मध्ये पोरसवदा मुले उतरवून हा क्लब तळाला राहिला. पुढे मालक बदलला आणि २०२५ मध्ये क्लबच दिल्लीला हलवला गेला. छताने काय वाचवले? ज्याची वर्षाची आवक पाच आहे आणि ज्याची पन्नास आहे, दोघांनाही खरेदीची मर्यादा सारखीच. पन्नासवाल्याला ती टोचते. पाचवाल्याला वाटते की एवढे खर्चायची परवानगीच मिळाली. छोट्या दुकानदाराला मोठ्या दुकानाइतकी खरेदी करायची मुभा देणे म्हणजे त्याला शिस्त लावणे नव्हे.

चीनमध्येही असेच झाले. तिथल्या क्लबांनी परदेशी खेळाडूंवर पाण्यासारखा पैसा ओतला. डिसेंबर २०२० मध्ये सरकारी संघटनेने कडक वेतनमर्यादा आणली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये विजेता क्लब जिआंगसू बंद पडला. विजेतेपद मिळून चार महिनेही झाले नव्हते. आजारी माणूस शेवटच्या घटका मोजत असताना पथ्य सांगण्यासारखे ते झाले.

भारताची पाळी २०२५ मध्ये आली. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातील पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नवा करार होत नाही म्हणून जुलैमध्ये लीग स्थगित झाली. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवल्याचे जाहीर केले. हा क्लब ज्या समूहाचा आहे तो पैशाने कमी नाही. हंगाम होणार की नाही याची खात्री नव्हती, म्हणून पगार थांबले. नोव्हेंबरमध्ये लीग चालवायला द्यायची निविदा निघाली तर एकही बोली आली नाही. जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन यांच्यासारख्या खेळाडूंनी चित्रफीत काढून थेट फिफाकडे गाऱ्हाणे मांडले. त्यानंतर काही दिवसांतच केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारी २०२६ पासून चौदा क्लबांची छोटी लीग होईल असे जाहीर केले. छेत्रीकडे साठवलेले काही असेल. यादीतील पंचविसाव्या खेळाडूने त्या सहा-सात महिन्यांत घरभाडे कसे भरले असेल, याचा विचार करावा. घाम वाळण्याआधी मजुरी चुकती करावी ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इथे घाम गाळायचीही सोय राहिली नव्हती.

म्हणून छताचा आकडा काय असावा यावर वेळ घालवण्यापेक्षा दोन गोष्टी आधी व्हाव्यात असे मला वाटते. पहिली, खर्चाची मर्यादा आवकीच्या प्रमाणात असावी. युरोपच्या संघटनेने खेळाडू, प्रशिक्षक आणि दलाल यांच्यावरचा खर्च उत्पन्नाच्या आधी ९० टक्के, मग ८० आणि २०२५ पासून ७० टक्के असा बांधून दिला आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये २०२६-२७ पासून ८५ टक्क्यांचा नियम मंजूर केला. याला एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. आवकीवर मर्यादा बांधली की मोठा मोठाच राहतो आणि लहान्याला वर यायची वाट अरुंद होते. तरीही उधारीवर मोठे होण्यापेक्षा ते बरे. लहान क्लब जिंकूच शकत नाही असेही नाही. २०१६-१७ साली मिझोरामच्या आयझॉल एफसीने मोठ्या क्लबांना मागे टाकून आय-लीग जिंकली. तिचे प्रशिक्षक मुंबईत घडलेले खालिद जमील होते, जे ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. खेळाडू असताना कलकत्त्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांवर मद्य कंपन्यांचे नाव होते म्हणून त्यांनी तिकडचा पैसा नाकारला आणि महिंद्रमध्ये आले, हेही आपल्या तरुणांना माहीत असावे.

दुसरी गोष्ट हमीची. आपल्या मोंढ्यात खरेदीदाराला बाजार समितीचा परवाना घ्यायचा तर आधी तारण किंवा बँकेची हमी द्यावी लागते. शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशी चुकवावेत असा कायदा आहे. तो किती पाळला जातो हे आपण जाणतोच. पण बुडवणाऱ्याच्या हमीवर हात टाकता येतो, ही भीती तरी असते. फुटबॉलमध्ये पगार थकल्यानंतर शिक्षा आहे, परवाना अडतो, नवे खेळाडू घेता येत नाहीत. आधीची हमी कच्ची आहे. जर्मनीत हंगाम सुरू होण्यापूर्वी क्लबाला वर्ष निभावेल इतका पैसा असल्याचे दाखवावे लागते, त्याशिवाय परवाना मिळत नाही. आपल्याकडे किमान सहा महिन्यांच्या पगाराची बँक हमी महासंघाकडे ठेवावी. मालक म्हणतील की अशा अटी घातल्या तर कोणी क्लब काढणारच नाही. न काढोत. आठ क्लब राहिले आणि आठांचे पगार वेळेवर झाले तर चौदा क्लबांच्या अनिश्चिततेपेक्षा त्यात अधिक घरे सुखाने जेवतील.

यादीच्या नियमाबद्दल थोडक्यात. सात भारतीयांचा नियम चांगलाच आहे. त्यामुळे आपल्या मुलांना मागणी आली. पण परदेशी खेळाडूंच्या चार जागा क्लब बहुधा गोल करणाऱ्यांसाठी राखतात. परिणाम असा की २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये चाळिसाव्या वर्षी देशासाठी परत बोलवावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून हरून आपण आशियाई चषकाच्या बाहेर गेलो. दुसरे असे की यादी मोठी ठेवायची आणि खेळवायचे तेच पंधरा-सोळा, ही जुनी रीत आहे. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असत. रोज सकाळी फाटकावर उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर काम मिळायचे. वर्षानुवर्षे बदलीच राहिलेले लोक १९८२ च्या संपात मोठ्या संख्येने होते. फुटबॉलच्या यादीतील शेवटची मुले तशीच बदली आहेत. त्यांच्यासाठी किमान पगाराचा आकडा नियमात लिहिला पाहिजे. वरचा आकडा लिहायला मालक लगेच एकत्र बसतात, खालचा लिहायला कोणाला सवड नसते.

ज्यांचा मुलगा खरोखर चांगला खेळतो त्यांच्यासाठी धंद्यातल्या माणसाने सांगावे असे चार शब्द. फी घेऊन ‘प्रो’ करून देतो म्हणणाऱ्या अकादमीपेक्षा जिथे निवड झाल्यावर राहणे, शाळा आणि खेळ फुकट आहे तिथे प्रयत्न करा. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची अशी शिष्यवृत्तीची सोय २०१५ मध्ये सुरू झाली. दहावी-बारावी सोडू देऊ नका. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला शिक्षणाची अट असते आणि प्रमाणपत्रे जपून ठेवावी लागतात. करारनामा इंग्रजीत असतो. सही करण्याआधी तो वकिलाकडून मराठीत किंवा उर्दूत वाचून घ्या. त्यात ठरलेला पगार किती आणि सामना खेळला तरच मिळणारी रक्कम किती, हे वेगळे विचारा, कारण तोंडी सांगताना दोन्हींची बेरीज सांगतात. दुखापत झाली तर पगार किती महिने चालू राहील ते लेखी घ्या. दलालाचा टक्का कोण देणार तेही. कराराची प्रत महासंघाकडे नोंदवलेली असली पाहिजे. आणि दोन महिन्यांचा पगार थकला तर फिफाच्या २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडूला करार सोडता येतो. ही नोटीस तोंडी किंवा फोनवर देऊ नये. स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पावती घरी ठेवावी.